मराठी डिफॉल्ट ठेवलं तरी ॲप इंग्रजीतच उघडतं: भाषा नेमकी कुठे ठरते आणि ती कशी दुरुस्त करायची

तक्रार साधारण अशी असते. दूध संकलन केंद्रासाठी छोटं वेब ॲप केलं. सेटिंगमध्ये डिफॉल्ट भाषा मराठी लिहिली. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर मराठी दिसतं, पण गावात सभासदाने फोनवर लिंक उघडली की ‘सकाळ’च्या जागी ‘मॉर्निंग’ आणि ‘येणे बाकी’च्या जागी ‘बॅलन्स ड्यू’. मग सेटिंग पुन्हा तपासायचं, सर्व्हर बंद करून चालू करायचा, आणि पुन्हा तेच.

सेटिंगमध्ये बहुतेक वेळा चूक नसतेच. डिफॉल्ट भाषा रांगेत सगळ्यात शेवटी उभी असते. तिच्या आधी पत्त्यातला भाषेचा भाग, कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद) आणि ब्राउझरचं ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर (प्रत्येक विनंतीसोबत जाणारी पसंतीच्या भाषांची यादी) यांना विचारलं जातं. यांतल्या एकानेही उत्तर दिलं की डिफॉल्टचा नंबर लागतच नाही. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये रांग नेमकी हीच आहे: पत्ता, कुकी, हेडर आणि मग लँग्वेज-कोड हे सेटिंग.

आता हेडरमध्ये काय येतं ते बघा. फोनची भाषा ‘इंग्रजी (भारत)’ असेल, तर अँड्रॉइडवरचा क्रोम साधारण असं पाठवतो: ईएन-आयएन, ईएन-जीबी;क्यू=०.९, ईएन-यूएस;क्यू=०.८, ईएन;क्यू=०.७. ‘ईएन’ म्हणजे इंग्रजी, त्यापुढे प्रदेश, आणि ‘क्यू’ म्हणजे पसंती किती. मराठीचा त्यात पत्ताच नाही. तुमच्या ॲपच्या यादीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही आहेत, म्हणून जुळवणीला इंग्रजी लगेच सापडते. लायब्ररीने आपलं काम चोख केलं. तिला दिलेली माहितीच दिशाभूल करणारी होती. आपल्याकडे असंख्य लोक घरात, बाजारात, बँकेत मराठी वापरतात आणि फोन मात्र दुकानदाराने सुरू करून दिला तसाच इंग्रजीत ठेवतात. त्या फोनवरून आलेलं ‘ईएन-आयएन’ म्हणजे ‘मला इंग्रजी हवं’ असं नव्हे. ‘मी सेटिंगला हात लावलेला नाही’ एवढाच त्याचा अर्थ.

आधी दोष कुठे आहे ते पकडा

अंदाजाने सेटिंग बदलत बसू नका. तक्रार ज्या फोनवर आहे तोच फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडा आणि लॅपटॉपवरच्या क्रोममधून त्याचं पान तपासा. नेटवर्क टॅबमध्ये पहिली, म्हणजे पानाची स्वतःची विनंती उघडा आणि रिक्वेस्ट हेडरमध्ये ॲक्सेप्ट-लँग्वेज वाचा. मग ॲप्लिकेशन टॅबमध्ये कुकी आणि लोकल स्टोरेज (ब्राउझरमधलीच दुसरी साठवण) बघा: जँगोची कुकी ‘जँगो_लँग्वेज’ या नावाने असते, आय-एटीन-नेक्स्ट या जावास्क्रिप्टच्या भाषांतर लायब्ररीची नोंद लोकल स्टोरेजमध्ये ‘आय-एटीन-नेक्स्ट-एलएनजी’ या नावाने. शेवटी पानाच्या एचटीएमएल टॅगवरचं लँग वाचा.

फोन हाताशी नसेल तर ॲपमध्ये तात्पुरतं एक तपासणी पान ठेवा. त्यावर चार ओळी छापायच्या: आलेलं हेडर, आलेली कुकी, ठरलेली भाषा, आणि ती कोणत्या पायरीवर ठरली. सभासदाला सांगायचं, ‘हे पान उघडा आणि स्क्रीनशॉट पाठवा.’ चौथी ओळ सगळ्यात मोलाची. ‘हेडर’ आलं तर उपाय खाली लगेच आहे. ‘कुकी’ किंवा ‘स्टोरेज’ आलं तर जुनी नोंद चिकटली आहे. ‘डिफॉल्ट’ आलं आणि तरीही इंग्रजी दिसत असेल, तर भाषा मराठीच ठरली आहे. भाषांतर सापडत नाही, आणि तो आजार वेगळा.

हेडरमधल्या इंग्रजीला पुरावा मानू नका

हेडर पूर्ण फेकून देणं हा सोपा मार्ग आहे आणि एका जिल्ह्यापुरत्या ॲपला तो पुरतो. जँगोमध्ये भाषा ठरवणाऱ्या लोकेल मिडलवेअरच्या (मिडलवेअर म्हणजे विनंती पानापर्यंत पोचण्याआधी तिच्यावर चालणारा कोड) आधी चार ओळींचं आपलं मिडलवेअर ठेवायचं आणि त्यात विनंतीच्या मेटामधून एचटीटीपी-ॲक्सेप्ट-लँग्वेज काढून टाकायचं. लोकेल मिडलवेअरची जागा सेशनच्या नंतर आणि कॉमनच्या आधी. ही जागा चुकली तरी भाषा विचित्र वागते, तेव्हा तेही बघून घ्या.

आम्ही सुचवू तो नियम थोडा वेगळा आहे. हेडरमध्ये मराठी कुठेही असेल, अगदी शेवटी असली तरी, मराठी द्या. कारण ती कुणीतरी मुद्दाम घातलेली असते. पहिल्या क्रमांकावर हिंदी किंवा गुजराती असेल आणि त्या भाषेची फाइल तुमच्याकडे पूर्ण असेल, तर ती द्या. फक्त इंग्रजीच असेल तर तिकडे दुर्लक्ष करून डिफॉल्टवर जा. वापरणाऱ्याने स्वतः बटण दाबून निवडलेली भाषा या सगळ्याच्या वर. इंग्रजी हवी असलेल्याला एक टॅप जास्त पडतो, मराठी हवी असलेल्याला एकही नाही. संकलन केंद्राच्या रांगेत उभ्या माणसाच्या बाजूने हा हिशेब बरोबर बसतो.

लारावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये एक छुपा खड्डा आहे. पसंतीची भाषा काढणाऱ्या फंक्शनला भाषांची यादी दिली आणि काहीच जुळलं नाही, तर ते यादीतली पहिली भाषा परत देतं. कॉन्फिगमधल्या लोकेलकडे ते बघत नाही. यादी ‘इंग्रजी, मराठी’ अशी लिहिली असेल तर क्रम उलटा करा.

आयपी पत्त्यावरून भाषा ठरवण्याचा मोह टाळा. मोबाइल डेटावर आयपी अनेकदा कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या गेटवेचा दिसतो. शिवाय राज्य कळलं म्हणून भाषा कळत नाही: बेळगाव कर्नाटकात आहे, आणि पुण्यात रोज कानडी, तेलुगू, हिंदी बोलणारे लाखो लोक राहतात.

ओळखलेली भाषा ‘निवडलेली’ म्हणून साठते तेव्हा

रिॲक्टमध्ये आय-एटीन-नेक्स्ट आणि त्याचा ब्राउझर डिटेक्टर वापरणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. डिफॉल्ट बदलला, नव्या लोकांना मराठी दिसू लागलं, पण जुन्यांना महिनोन्महिने इंग्रजीच. डिटेक्टर नेव्हिगेटरमधून, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या माहितीतून, भाषा ओळखतो आणि विचारल्याशिवाय ती लोकल स्टोरेजमध्ये लिहून ठेवतो. पुढच्या वेळी तीच नोंद आधी वाचली जाते. ॲपला वाटतं, माणसाने निवड केली. माणसाने काहीच केलेलं नसतं.

दुरुस्ती अशी:

१. डिटेक्टरच्या ऑर्डरमध्ये फक्त क्वेरीस्ट्रिंग, कुकी आणि एचटीएमएल-टॅग ठेवा. नेव्हिगेटर काढा.

२. कॅशेस ही यादी रिकामी करा. भाषेच्या बटणावर खरोखर टॅप झाला, की तेव्हाच आपल्या कोडमधून कुकी लिहा. मुदत एक वर्ष, पाथ मुळाचा.

३. कुकीला नवं नाव द्या. जुन्या नोंदी पुसत बसण्यापेक्षा हे खात्रीचं.

४. इंडेक्स फाइलमध्ये एचटीएमएल टॅगचं लँग ‘एमआर’ करा. व्हीट या बिल्ड साधनाचा तयार साचा तिथे ‘ईएन’ घालून देतो, आणि एचटीएमएल-टॅग ऑर्डरमध्ये असेल तर डिटेक्टर तेच ‘ईएन’ उचलतो. अनेकांची फसगत इथेच होते.

५. फॉलबॅक-एलएनजी वेगळं ठेवा, ‘ईएन’. ते स्वतःहून दिलं नाही तर लायब्ररी ‘डेव्ह’ नावाची भाषा शोधू लागते.

चौथी आणि पाचवी पायरी वेगळी का, तर या लायब्ररीत फॉलबॅक दोन कामं करतो: काहीच ओळखता आलं नाही तर दाखवायची भाषा, आणि एखादा शब्द गायब असेल तर उसना घ्यायची भाषा. पहिलं काम एचटीएमएल टॅगकडे दिलं की फॉलबॅककडे दुसरंच उरतं.

सर्व्हरवर पान तयार होत असेल तर लोकल स्टोरेज कामाचंच नाही, कारण सर्व्हरला ते दिसत नाही. तो डिफॉल्टमध्ये पान पाठवतो, मग ब्राउझर भाषा बदलतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मजकूर लुकलुकतो. कुकी वापरा.

एकाला मराठी, शेजारच्याला इंग्रजी

इथे कॅश बघा. मूळ पत्त्यावरून भाषेच्या पत्त्याकडे ३०१ने (कायमच्या वळणाचा कोड) वळवलं असेल, तर ब्राउझर ते वळण कायमचं समजून साठवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला विचारतही नाही. भाषेसाठी ३०२, म्हणजे तात्पुरतं वळण, वापरा. एकाच पत्त्यावर हेडर बघून दोन भाषा देत असाल तर उत्तरासोबत ‘व्हेरी: ॲक्सेप्ट-लँग्वेज’ पाठवावं लागतं, आणि मधला सीडीएन (पानांच्या प्रती साठवून देणारी मधली सेवा) ते पाळतोच असं नाही. सकाळी पहिल्यांदा ज्याने पान उघडलं त्याची भाषा मग सगळ्यांना मिळते. यातून कायमची सुटका म्हणजे प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता.

स्वतंत्र पत्त्याचं दुसरं कारण गूगल. गूगलचा क्रॉलर (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) सहसा ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर पाठवत नाही. एकाच पत्त्यावर भाषा बदलत असाल तर त्याला बहुधा डिफॉल्टच दिसणार. प्रत्येक पानावर एचरेफलँगच्या (याच पानाची दुसऱ्या भाषेतली आवृत्ती कुठे आहे ते सांगणाऱ्या) ओळी घाला: मराठीची, इंग्रजीची आणि कुठलीच भाषा जुळली नाही तर लागू होणाऱ्या एक्स-डिफॉल्टची. एक्स-डिफॉल्ट गूगलने २०१३ मध्ये आणलं. दोन्ही पानांनी एकमेकांचा आणि स्वतःचाही उल्लेख करायला हवा. परतीचा दुवा नसेल तर जोडी धरली जात नाही.

‘एमएच’ म्हणजे मराठी नव्हे

गाडीच्या नंबरप्लेटमुळे हात आपोआप ‘एमएच’ लिहितो. भाषांच्या आयएसओ ६३९-१ यादीत ‘एमएच’ म्हणजे प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांची मार्शलीज भाषा. मराठीचा कोड ‘एमआर’, प्रदेशासह ‘एमआर-आयएन’. कोंकणी ‘केओके’. फोल्डर ‘एमएच’ नावाचं आणि ब्राउझर मागतो ‘एमआर’, तर जुळणी कधीच होणार नाही आणि कुठे एररही दिसणार नाही. आणखी एक: ब्राउझर ‘एमआर-आयएन’ पाठवतो आणि तुमची फाइल ‘एमआर’ असते. आय-एटीन-नेक्स्ट आधी ‘एमआर-आयएन’ची फाइल मागून ४०४ (‘फाइल सापडली नाही’) खातो, मग ‘एमआर’कडे येतो. लोड हा पर्याय ‘लँग्वेज-ओन्ली’ ठेवला की तो हेलपाटा वाचतो.

भाषा मराठी ठरली, तरी अर्धं पान इंग्रजी

गेटटेक्स्ट पद्धतीत (जँगो हीच वापरतो; भाषांतरं पीओ फाइलमध्ये लिहायची आणि कंपाइल करून एमओ फाइल बनवायची) याचं सगळ्यात चोरटं कारण म्हणजे ‘फझी’ ही खूण. मूळ इंग्रजी वाक्यात कुणी एक स्वल्पविराम बदलला. पुढच्या वेळी वाक्यं गोळा करताना जुनं मराठी भाषांतर जवळपासचं म्हणून जोडलं जातं आणि त्यावर ‘फझी’ लागतं. कंपाइल करताना फझी नोंदी वगळल्या जातात. परवापर्यंत मराठीत दिसणारं वाक्य आज इंग्रजीत, आणि पीओ फाइल उघडली तर भाषांतर जागेवरच! पीओ फाइलमध्ये ‘फझी’ शोधा, प्रत्येक नोंद वाचून दुरुस्त करा, खूण काढा. सगळ्या नोंदी सरसकट मान्य करू नका. जवळपासचं भाषांतर कधीकधी उलट्या अर्थाचं असतं, ‘जमा’च्या जागी ‘नावे’ असं.

एमओ फाइल गिटमधून वगळलेली असेल तर सर्व्हरवर ती पोचतच नाही. तिथे कंपाइलची पायरी घाला आणि प्रोसेस पुन्हा सुरू करा, कारण भाषांतरं एकदाच स्मृतीत भरली जातात.

फॉर्मची लेबलं एकाच भाषेत अडकून बसली असतील, तर तिथे साधं गेटटेक्स्ट वापरलं गेलं आहे. ते फाइल लोड होतानाच चालतं, तेव्हा कोणी पान मागितलेलं नसतं आणि डिफॉल्ट भाषा गोठते. गेटटेक्स्ट-लेझी वापरा.

अर्धवट भाषांतर झालेली भाषा बटणात दाखवू नका. बिल्डमध्येच तपासा: एकाही वाक्याचं भाषांतर कमी असेल तर बिल्ड थांबवा. पावतीवर ‘एकूण’ मराठीत आणि ‘डिडक्शन’ इंग्रजीत आलं, की माणूस आकड्यावरही शंका घेतो.

आकडे आणि तारखा

मराठी डिफॉल्ट केल्यावर पहिल्याच आठवड्यात हे येतं. सीएलडीआरमध्ये (भाषांनुसार आकडे-तारखा कशा लिहायच्या याचा सामायिक माहितीसाठा) मराठीचे डिफॉल्ट आकडे देवनागरी आहेत, हिंदीचे तसे नाहीत. म्हणजे आकडे-तारखा मांडणाऱ्या जावास्क्रिप्टच्या इंटलला ‘एमआर’ दिलं की बारा लाखांच्या वरची रक्कम १२,३४,५६७ अशी देवनागरीत येते. वाचायला छान. पण तीच अक्षरं परत ‘नंबर’ फंक्शनला दिली की हाती ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’) लागतं, आणि फॅट ३.८ गुणिले दर याचं उत्तर कोरं. पायथन मात्र ‘३.८’ निमूटपणे वाचतो. त्याच्या रेजेक्समधला (मजकुराचा साचा तपासण्याची पद्धत) ‘अंक’ देवनागरी अंकही धरतो. म्हणून मराठी कीबोर्डवरून टाकलेला मोबाइल नंबर सर्व्हरची तपासणी पास करतो, देवनागरीतच साठतो आणि एसएमएस पाठवताना आपटतो. नियम साधा ठेवा: साठवण्याआधी सगळे आकडे एका साच्यात आणा, आणि दाखवलेल्या मजकुरातून आकडा कधीच परत वाचू नका. इंग्रजी आकडे हवे असतील तर लोकेल ‘एमआर-यू-एनयू-लॅटन’ लिहा. मजकूर मराठीच राहतो. तराजूच्या डिस्प्लेवरचा आकडा पावतीशी ताडून बघायचा असतो, तिथे हेच बरं.

इंग्रजीकडे फॉलबॅक ठेवताना आकड्या-तारखांसाठी नुसतं ‘ईएन’ देऊ नका. त्याचा अर्थ अमेरिकी इंग्रजी होतो: महिना आधी, आणि लाखाची स्वल्पविरामं नाहीत. ३ एप्रिलची पावती ४ मार्चची वाटते. ‘ईएन-आयएन’ लिहा. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड १३च्या आधीचं असेल तर त्यात मराठीची माहितीच नसू शकते, आवृत्ती वाढवा.

एसएमएस आणि रात्रीची कामं

रात्री आपोआप चालणाऱ्या कामाला ब्राउझर नसतो, कुकी नसते. तिथे सर्व्हरचं डिफॉल्ट लागू होतं. म्हणून सभासदाची भाषा त्याच्या खात्यात साठवा आणि संदेश तयार करण्यापुरती तीच लागू करा.

खर्चही बघा. लॅटिन लिपीतला एसएमएस १६० अक्षरांचा, मराठीतला ७०चा. लांबला तर प्रत्येक तुकडा ६७चा. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं मोजलं जातं: ‘शेतकऱ्यांना’ या एका शब्दाला ११ जागा लागतात. आणि व्यावसायिक संदेशाचा साचा डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची संदेश-नोंदणी यंत्रणा) आधी मंजूर असावा लागतो, म्हणजे भाषा बदलली तर साचा नवा. डिफॉल्ट बदलण्याच्या दोन आठवडे आधी हे काम हाती घ्या.

लँगची खूण नुसती शोभेची नाही

पान मराठीत आणि लँग ‘ईएन’, तर क्रोम भाषांतराची पट्टी दाखवू शकतो आणि स्क्रीनरीडर चुकीच्या आवाजात वाचू शकतो. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या पहिल्याच पातळीवर, ३.१.१ मध्ये, पानाची भाषा सांगणं आवश्यक धरलं आहे. लँग ‘एचआय’ (हिंदी) राहिलं तर चूक बारीक आहे पण डोळ्यांना खुपते: नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठीसाठी ‘ल’ आणि ‘श’ची वेगळी वळणं असतात, पाकळीचा ल आणि देठाचा श. ती लँग ‘एमआर’ असेल तरच येतात. बटण दाबून भाषा बदलली की लँगही बदलायला विसरू नका. बटणावर प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा. झेंडे नकोत, तिरंगा दाखवला तर तो मराठीचा की हिंदीचा?

डिफॉल्ट मराठीच असावा का?

नेहमीच नाही. वापरणारा कोण आणि तो पानावर काय करायला येतो, यावर ते ठरतं. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या नोंदणी अर्जाला इंग्रजी डिफॉल्ट योग्य, कारण तो अनेकदा तिथे वाढलेली मुलंच भरतात. कार्यक्रमाच्या पानाला मराठी शोभते. गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या शासकीय वापरालाही त्यात जागा आहे. तिथे कोंकणीचा शब्द नसला म्हणून गुपचूप मराठी दाखवू नका. लिपी एकच असल्याने सरमिसळ तपासताना सहज नजरेतून सुटते, आणि वाचणाऱ्याच्या मनाला लागते. कोंकणीची फाइल पूर्ण होईपर्यंत ती भाषा यादीत घालू नका. ती पूर्ण झाली की दोन्ही नावं पहिल्या पानावर शेजारी शेजारी ठेवा आणि निवड वाचणाऱ्याला करू द्या.